चार इंचांचा माज

आमच्यात पाटावर पाय ठेवत नाहीत. श्रावणात ज्या पाटावर आम्हा खानदेशी लोकांची कानबाई देवी बसते, त्यावर तर नाहीच नाही. आणि माझ्या नवऱ्याने नेमका तोच पाट घरातून आणून पार्किंगमध्ये जीपच्या दाराशी टाकला. "ठेव पाय, चढ," म्हणे आईला!

कारण साहेबांनी जीप चार इंच उंच करून घेतली होती. स्प्रिंगा बदलल्या, वर जाड चकत्या घातल्या, हे एवढाले टायर चढवले. सापुताऱ्याच्या दगडधोंड्यांत जायचं म्हणे. एकदा गेलो, तेही डांबरी रस्त्याने, आणि मक्याची कणसं खाऊन परत आलो. डिझेल फार पिते म्हणून सचिन गावच्या कारखान्यात कामावर हे बाइकने जाणार. कसली मेली हौस!

त्या रविवारी सासूबाईंना बारडोलीला जायचं होतं. त्यांची थोरली बहीण तिथे अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी ह्या जाऊन तिला न्हाऊ घालायच्या, तिची वेणी घालायच्या. पाट बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या. तेव्हा नवऱ्याने त्यांना काखेत हात घालून सरळ उचललं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं, वॉचमन बघतोय, समोरच्या गॅलरीतल्या बायका बघताहेत. सत्तरीची बाई हो! "मी काय पोतं शे का?" एवढंच त्या म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

तेव्हापासून बारडोलीचं नाव काढलं की "गुडघा दुखतस." कसले दुखतात! पापड वाळत घालायला तीन जिने चढून गच्चीवर जात होत्या. मी म्हटलं, टॅक्सीने नेते. तर नवरा म्हणतो, "दारात गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील?" आणि लेकाचं नाक खाली नको म्हणून सासूबाईही म्हणाल्या, जाऊ दे. असे चार महिने गेले. बहिणीचा फोन यायचा, कधी येतेस म्हणून. ह्या काहीतरी सांगून फोन ठेवायच्या. आणि मी, शाळेत पन्नास पोरांना दटावणारी बाई, तोंड मिटून पोळ्या लाटत होते. माझा मलाच राग येतो.

शेवटी एका शनिवारी नवरा कामावर गेला तशी मी पलंगाखालच्या जुन्या स्प्रिंगा काढल्या, वॉचमनकडून गच्चीवरचे जुने टायर उतरवून घेतले आणि जीप थेट, जिथे उंच केली होती त्याच कडोदऱ्याच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाला माझ्याकडे बघायलाच तयार नाही. "बेन, साहेबने पूछ्युं?" माझं डोकंच फिरलं. आरसी बुक त्याच्यापुढे आपटलं. गाडी माझ्या नावावर आहे! "उंच करताना मला विचारलं होतंत का?" मग मुकाट कामाला लागला. चकत्या काढल्या, स्प्रिंगा जुन्या बसवल्या, टायरही जुनेच घातले, नाहीतर मोठे टायर मडगार्डला घासले असते. हेडलाइट आणि अलाइनमेंट बघून संध्याकाळी गाडी हातात दिली.

घरी भडका उडाला. "गाडीची शान घालवलीस!"

"तुमच्या शानेपायी आईंचं पोतं केलंत, त्याचं काय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई खाली आल्या. दाराची मूठ धरली, पाय उचलला आणि बसल्या. कुणी हात लावला नाही. वाटेत मांडीवरच्या पिशवीत कंगवा आहे ना, तेल आहे ना, हे त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं.

बारडोलीला खोलीत शिरलो आणि बघते तर काय! मावशींचे केस मानेपर्यंत कापून टाकलेले. रोज विंचरणार कोण, त्यांची सून म्हणाली. तिला तरी काय बोलणार? मावशींनी एवढंच विचारलं, "इतला दिन कोठे व्हती वं?"

आमच्यासोबत आलेला माझा नवरा दाराशी उभा होता. मला वाटलं, आता तरी ह्या खरं कारण सांगतील. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मना गुडघा दुखतस वं बहीण," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतला कंगवा काढून त्या आखूड केसांतून फिरवत बसल्या.