खालच्या मजल्याचं नेट

आमच्या घरात इंटरनेट आलं ते आधी वरच्या मजल्यावर, माझ्या कॉम्प्युटरात. लकडगंजच्या मागच्या बाजूला वडिलांनी बांधलेलं दुमजली घर. खाली दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी. वर मी आणि बायको. दादा कन्हानकडे कोळसा खाणीत सुपरवायझर होता, पहाटेच्या बसने जायचा. मी घरीच बसून कोचिंग क्लासच्या प्रश्नपत्रिका टाईप करायचो, पानं लावायचो आणि छापखान्याला पाठवायचो. आजही तेच करतो.

पुतणी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. एका रविवारी वर आली आणि म्हणाली, ‘‘काका, एका कनेक्शनवर दोन्ही मजले चालतात. फक्त वायर टाकावी लागते.’’

आम्ही जिन्याजवळ भिंतीला भोक पाडलं. वायरीच्या आत आठ बारीक रंगीत तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमाने टोकाच्या प्लगमध्ये बसवाव्या लागतात. ती रंग सांगायची, मी तारा सरळ करून धरायचो. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा वहिनींनी खालून विचारलं, ‘‘आलं का वं?’’ त्यांचा आवाज असा होता की गल्लीच्या तोंडाशी पोचलेल्या भाजीवाल्याला त्या स्वयंपाकघरातून थांबवत.

तेव्हा वरचा कॉम्प्युटर चालू असला तरच खाली नेट यायचं. ‘‘काका, बंद करू नका, माझं सबमिशन आहे,’’ असं ती जिन्यातून ओरडायची आणि मी कामासाठी बाहेर जातानाही कॉम्प्युटर चालू ठेवून जायचो. पुढे राऊटर आला. तोही तिनेच बसवला. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यात नाव दिलं : वरचा कॉम्प्युटर, खालचा टीव्ही. नोकरी लागून कॅनडाला जाण्याआधी तिने मला राऊटरचं पान उघडून दाखवलं. कोणत्या वस्तूला किती स्पीड द्यायचा ते तिथे ठरवता यायचं.

‘‘तुमची फाईल अडली तर खालच्या टीव्हीचा स्पीड तेवढ्यापुरता कमी करा. काम झालं की ही ओळ काढून टाका.’’

मी तसंच करायचो. तासाभरात ओळ काढून टाकायचो.

दादा रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी वहिनींना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. त्या घरी आल्या त्या गळ्याला पांढरी पट्टी बांधून, मुक्या होऊन. दादाने बाजारातून शाळेच्या पोरांची पाटी आणली. काय हवं ते त्या पाटीवर लिहायच्या. पुतणीला एवढ्यात रजा मिळत नव्हती. तिने आईसाठी एक टॅब पाठवला. रोज संध्याकाळी सहाला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. वहिनी पाटीवर लिहून टॅबसमोर धरायच्या, ती वाचून उत्तर द्यायची. दादाचा फोन बटणाचा. टॅबवर हिरवं बटण दाबण्यापलीकडे त्याला काही जमत नव्हतं, वहिनींनाही नाही.

माझ्या फाईलही संध्याकाळीच जायच्या. सहाच्या सुमारास त्या अडकायला लागल्या, पण मी ते चालवून घेतलं. आजारी माणसाचं काम होतं.

मग त्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका मुलीचं लग्न ठरून साक्षगंध झालं. जेवणाच्या पंगतीत माझे दोन्ही साळे बसले होते. कोणीतरी विचारलं, धाकटे भाऊ काय करतात? मी तोंड उघडण्याआधी दादा हसत बोलला, ‘‘याले का काम आहे गा? दिवसभर घरी बसून खटखट करते. खाणीत एक पाळी केली असती तर समजलं असतं.’’

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू माझ्या तोंडावर तसंच चिकटून होतं. दुसऱ्या दिवशी फाईल अडकली तेव्हा मी राऊटरचं पान उघडलं. खालच्या टीव्हीसमोर स्पीडचा अगदी लहान आकडा टाकला. त्याच्या खालच्या ओळीत ‘आईचा टॅब’ असं लिहिलेलं होतं, पाठवण्याआधी पुतणीनेच टॅबला दिलेलं नाव. तिथेही आकडा टाकला. फाईल गेली. ओळी काढायला हात उचलला आणि मनात म्हटलं, राहू दे. खटखट करणाऱ्याचं नेट आहे, कळू दे एकदा.

चार-पाच दिवसांनी दादा वर आला.

‘‘काहून गा, नेट बरोबर चालून नाही राहिलं. पोरीचा आवाज येते, पण फोटोच थांबून जाते. तिलेही हिचं काही दिसत नाही म्हणते.’’

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, ‘‘लाईनच स्लो आहे, दादा. वरही असंच आहे.’’

‘‘तुझं कामही अडत असेल मग,’’ असं म्हणून तो खाली गेला.

एकदा मी संध्याकाळी खाली गेलो होतो. बायकोने वहिनींसाठी मुगाचं पातळ वरण दिलं होतं. वहिनी पलंगावर बसून दोन्ही हातांनी पाटी धरून होत्या. टॅबमध्ये पुतणीचा चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजलेला. आवाज तेवढा येत होता.

‘‘आई, अक्षर फुटून राहिलं वं. जवळ आण. आता हलवू नको.’’

वहिनींनी पाटी पुढे केली. त्यांनी सगळं पुसलं आणि मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं.

‘‘नाही दिसत, आई. बाबा, तुम्ही वाचून सांगा ना.’’

दादाने पाटीकडे पाहिलं. पाटी वरपासून खालपर्यंत भरली होती. तो म्हणाला, ‘‘बरी आहे म्हणते. तू काळजी नको करू.’’ वहिनींनी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून. टॅबमध्ये ते दिसलं नसणार. त्यांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी वाटी ठेवून वर आलो ते ओळ काढायचीच असं ठरवून. कॉम्प्युटरवर फाईल जात होती. अर्धी झाली होती. म्हटलं, ही जाऊ दे, मग काढतो. फाईल गेली, छापखान्याचा फोन आला, एका पानावरची चूक काढायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं. तेव्हा दादा अंगणात शेजाऱ्याला सांगत होता, ‘‘त्याचं नेट काही कामाचं नाही. नुसतं नावाले आहे.’’ मी खिडकी लावून घेतली. ओळ तशीच राहिली.

याला तीन आठवडेही झाले नसतील. वहिनींच्या छातीत कफ भरला, दवाखान्यात न्यावं लागलं आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. पुतणी पोचली तेव्हा अस्थी विसर्जित करून आम्ही परत आलो होतो.

चौदावीनंतर ती काही दिवस राहिली आणि खालच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करू लागली. मीटिंगसाठी तिने आईचाच टॅब लावला होता. पहिल्याच दिवशी मीटिंग अडकली. ती लॅपटॉप घेऊन वर आली आणि माझ्या टेबलाशी बसली. राऊटरचा पासवर्ड तिनेच ठेवलेला, मी कधी बदलला नव्हता. तिने पान उघडलं. मी तिच्या मागे उभा होतो. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं.

‘‘काका, हे कधीपासून आहे?’’

‘‘कामापुरतं टाकलं होतं.’’

‘‘मग काढलं काहून नाही?’’

साक्षगंधाची गोष्ट ओठांवर आली होती, पण तिच्यासमोर ती बोलायची लाज वाटली.

ती रडली नाही. स्क्रीनकडे पाहतच म्हणाली, ‘‘दीड महिना आई मले काहीतरी लिहून दाखवत होती. मी एकदाही पूर्ण वाचू नाही शकली. बाबा म्हणत, काकाकडेही असंच आहे, त्याचंही काम अडते बिचाऱ्याचं.’’

मग तिने दोन्ही ओळी काढल्या. लॅपटॉप मिटला आणि दारात थांबून म्हणाली, ‘‘बाबांना सांगू नका. आई गेली. आता त्यांना भाऊ तरी राहू द्या.’’

त्याच आठवड्यात तिने खाली वेगळं कनेक्शन घेतलं. नवीन वायर खांबावरून थेट खालच्या खिडकीत आली. जिन्यातली जुनी वायर तिने स्वतः ओढून काढली आणि भिंतीतलं भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, ‘‘राहू द्या, झालंच.’’ जाताना बायकोच्या पाया पडली. माझ्याही पडली, दादा बघत होता म्हणून.

मी तिला मेल लिहिली. टाईप करण्यात उभा जन्म गेला, पण त्या एका पानाला चार दिवस लागले. पंगतीपासून सगळं लिहिलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. बायकोला तिचा फोन येतो. तब्येत विचारते, पाऊसपाणी विचारते.

दादा रोज सकाळी चहाला वर येतो. त्याला वाटतं पोरीने वेगळं नेट घेतलं ते माझ्यावर भार नको म्हणून. तसं तो पाहुण्यांना सांगतोही. परवा मी धीर करून विचारलं, ‘‘दादा, वहिनी तेव्हा पाटीवर काय लिहीत होत्या गा? पोरीले दाखवायले?’’

त्याने बशीत चहा ओतला. फुंकून एक घोट घेतला.

‘‘आठवत नाही गा. चष्मा नव्हता लावला मी. म्हटलं, लाईन सुधरली का पोरगी वाचूनच घेईल.’’

त्याने चहा संपवला, बशी मोरीत ठेवली आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरून गेला.