चौथीत बसवलेली मुलगी

शाळेच्या हक्कासाठी भांडणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं मीच लिहायचे. जन्मदाखला नसला तरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, वर्षाच्या मध्येच आलात तरी नाही. मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवर ती घरोघर वाटली, जिथं वाचणारं कुणी नव्हतं तिथं मोठ्यानं वाचून दाखवली. त्यातलं एक वाक्य माझं लाडकं होतं: मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसण्याचा हक्क आहे.

कातकरी वस्तीतली नऊ वर्षांची एक मुलगी कधी शाळेत गेलीच नव्हती. तिची सहा वर्षांची बहीण पहिलीत आली तेव्हा ही तिला सोडायला यायची. अर्ध्या तासाची वाट, मध्ये ओढा. सोडून परत न जाता दाराशी बसून राहायची. बाईंनी एक दिवस तिला आत बोलावलं, धाकटीशेजारी बसवून पाटी दिली. महिन्याभरात ती अक्षरं गिरवायला लागली.

हे कानावर आलं आणि माझं डोकं फिरलं. नऊ वर्षांची मुलगी पहिलीत? मी तडक शाळेत गेले.

बाई म्हणाल्या, "अहो, कागदावर मी तिला चौथीतच घेते. बसू दे इथं. अजून क-ख चाललंय तिचं."

"कागदावर एक आणि वर्गात एक, हे चालणार नाही बाई. याच लबाडीविरुद्ध तर आम्ही भांडतो."

"लबाडी म्हणा. पोरगी रोज येतेय ना?"

मी तालुक्याच्या ऑफिसात पत्र दिलं. दोन हेलपाटे घातले, तिसऱ्या वेळी साहेबांच्या टेबलासमोर बसूनच राहिले. तिला चौथीत बसवण्याचा आदेश निघाला. अशा मुलांना वेगळं शिकवून वर्गाच्या बरोबरीला आणायचं, असंही नियमात आहे. त्यासाठी कुणी आलं नाही. येणार नव्हतंच. या खात्याला आदेश काढायला कागद मिळतो, शिकवायला माणूस मिळत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, आधी वर्ग घेऊ, शिकवणीचं नंतर बघू.

मुलीची आई हिंजवडीला नव्या टॉवरच्या साइटवर घमेली वाहायची. तिला संध्याकाळी वस्तीवर घरीच गाठलं.

"ताई, ती म्हनती धाकटीसंगं बसवा, न्हायतर जात न्हाई."

"मावशी, हक्क आहे तो तिचा."

"हक तिचा हाय तर तिला हवं तितं बसू दे की."

मी हसले. पत्रक काढून वाचून दाखवलं. मुलगी तिथंच चुलीत काटक्या सारत होती. तिला मी काहीच विचारलं नाही.

चौथीत ती अकरा दिवस बसली. भागाकार चालले होते. पोरं म्हणायची, "ए काकू, पयलीत जा की." एक दिवस गुरुजींनी फळ्यापाशी बोलावून उदाहरण वाचायला सांगितलं. तास संपेपर्यंत ती खडू धरून उभी होती. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ओढा ओलांडून आणायला कुणी उरलं नाही, म्हणून धाकटीही आली नाही.

हे मला दिवाळी झाल्यावर कळलं. तोवर मी त्या आदेशाचा फोटो चार ग्रुपांवर टाकून शाबासकी घेत होते.

बाईंकडे गेले. मान वर होत नव्हती. म्हटलं, "कागदावर राहू दे चौथी. तिला पहिलीत बसू दे." बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "घेऊन या दोघींना," एवढंच म्हणाल्या. "मी थांबते."

वस्तीवर त्यांच्या खोपटाच्या दाराला दोरी बांधलेली होती. शेजारची म्हातारी बाहेर आली.

"गेली की समदी. कोळशाच्या भट्टीवर."

"मुलीपण?"

"मंग हितं ठिवून काय करत्यात? पोरींची शाळा चालू असती तर माज्यापाशी ठिवनार हुती दोगींना. तसं बोलनं झालं हुतं आमचं. दोन भाकरी जास्त थापल्या असत्या मी."

कुठल्या भट्टीवर, ते तिला माहीत नव्हतं. मुकादमाची गाडी आली, सगळे चढले, गेले.

मी शाळेकडे परत निघाले. शाळा कधीच सुटली होती, बाई पायरीवर बसून होत्या. मी एकटीच येतेय हे त्यांनी लांबूनच पाहिलं. उठल्या आणि दाराला कुलूप लावायला लागल्या.