तिसऱ्यांदा काढलेला कालवा

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बारामतीत पाण्याचं नियोजन करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नकाशे करायचे. इंदापूर तालुक्यातला कालवा, त्याच्या चाऱ्या, विहिरी, सगळं आम्ही संगणकावर घेतलं होतं. ते सॉफ्टवेअर चालायला कंपनीनं दिलेली किल्लीसारखी एक डबी संगणकाला मागून लावावी लागे, तिच्याशिवाय ते उघडतच नसे. एका दुपारी वीज गेली आणि दणक्यानं परत आली, त्यात ती डबी जळली.

कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, ही आवृत्ती आता बंद झाली, नवी घ्या. फायली आमच्या, फ्लॉप्या आमच्या, पण त्या उघडेनात. मला रडू नाही आलं, संताप आला.

पुण्यातल्या मैत्रिणीकडून मी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीची सीडी आणली. त्या सीडीत नकाशाचं एक खुलं सॉफ्टवेअर होतं. ते कुणीही वापरावं, हवं तर बदलावंही. आमचे संस्थाप्रमुख साशंक होते. त्यांनी विचारलं, "अडलं तर फोन कुणाला करायचा?"

"साहेब, परवा केला होताच की आपण," मी म्हणाले.

त्यावर त्यांनी मला उन्हाळाभराची मुदत दिली.

पुढं रोजची झटापट. माउसवर काही होत नसे, प्रत्येक आज्ञा टाइप करावी लागे. कागदी नकाशावरच्या रेषा गिरवून संगणकात घ्यायचा आमचा बोर्ड तर दादच देईना. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी परदेशातल्या एका अनोळखी माणसाला मी ईमेल केली. त्यानं सांगितलेला बदल केला आणि बोर्ड चालू झाला. मग कागदी नकाशे काढून मी पहिल्यापासून गिरवायला बसले.

पण नकाशा पुरा झाला तेव्हा लासुर्ण्याजवळ कालवा शेजारच्या उसात घुसलेला दिसला. कागद आकसला असणार. ते मूळ नकाशे हातानं काढणारे निवृत्त मोजणीदार लासुर्ण्यातच राहत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नकाशा पक्क्या खुणांवर नीट बसवायला त्यांना घेऊन मी टेप धरून पुलांचे कोपरे पुन्हा मोजले. ऊन मी म्हणत होतं. आबा कठड्यावर टेकले.

"पयला मी काढला, मग तू, आन् आता पुन्यांदा. तिसऱ्यांदा निघतोय ह्यो कालवा. कटाळा न्हाय येत?"

"येतो की. पण आता आपला नकाशा आपल्याच हातात राहील, आबा."

"मग धर नीट टेप," म्हणत ते उठले.

पावसाच्या तोंडाशी निमगाव केतकीत बैठक झाली. चारीच्या शेवटाला पाणी का पोचत नाही, हे नकाशा पसरून दाखवता आलं. शेतकरी त्यावर वाकून आपापली विहीर शोधत होते. "माझी विहीर चुकीच्या बांधावर दाखवलीय," म्हणून एकानं मला खडसावलं, ती मी तिथंच पेन्सिलीनं हलवली.

पुढच्या आठवड्यात इंदापूरच्या एका कार्यालयानं तो नकाशा मागितला. मी फ्लॉप्या भरत होते. साहेब मागं येऊन उभे राहिले.

"ती सीडीपण दे त्यांना," ते म्हणाले. "आणि दोन दिवस जाऊन शिकवून ये."