वच्छलाबाईने जुळवलेली अळ्यांची सोयरीक

राजुऱ्याकडच्या त्या गावात कुणाच्या पोरीचे हात पिवळे व्हायचे, तर आधी वच्छलाबाईच्या ओसरीवर चहा व्हायचा. मुलाचं आजोळ, आत्याचं सासर, दोन पिढ्यांची भांडणं, सगळं बाईला तोंडपाठ. घरातल्या घरात नातं जुळवायला निघालेल्याला ती ओसरीवरून उठवून लावायची.

बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी नवी-नवी आली तेव्हाची गोष्ट. बियाण्याच्या मोठ्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं लहान पाकीट यायचं. वावराच्या कडेने चार-पाच ओळी लावायला. गाव ते सरळ उकिरड्यावर फेकायचं. बाईच्या नवऱ्याने, मनसारामनेही फेकलं. बाईने उचलून आणलं आणि कडेने लावलं.

"अळ्यायसाठी पंगत मांडून राह्यली काय?" मनसाराम म्हणाला.

"हो. बीटी खाऊनई ज्या दोन-चार जगतीन, त्या पाखरं होऊन आपसातच लग्न लावतीन, त लेकरं जहर पचवणारीच निपजतीन. त्यायले साध्या कपाशीच्या घरचे सोयरे नोको काय? बियाणंवाल्यायनं मीटिंगमंधी सांगतलं तवा तुमी घोरून राह्यले होते."

पानठेल्यावर गावाला विषय मिळाला. येता-जाता एकाने बाईला हटकलं, "बाई, अळ्यायच्या वरातीले बँड कोनता?"

"तुयाच घरचा. दिवसभर वाजतेच ना!"

पोळा झाला आणि त्या ओळींची बोंडं अळीने पोखरली. शेजारच्या वावरातला बिरजू पाठीवर फवारणीचा पंप घेऊन मधल्या बांधावर, धुऱ्यावर आला.

"बाई, तुमच्या अळ्या माया वावरात येतीन. फवारतो, नाईतर उपटतो."

"येऊ दे की! बीटी अळी मारते म्हणूनच पेरली ना तू?"

बिरजूच्या लेकीचं, रुपालीचं स्थळ तेव्हा बाईच्याच हाती होतं. मनसाराम कानाशी लागला, "सोयरीक मोडतो म्हन, चूप बसंल."

बाई मोठ्यानेच बोलली, "पोरीचं मी जुळवीनच. तिचा काय गुन्हा? पन या पऱ्हाटीले हात लावू देनार नाई. फवारतं त आधी मले भिजव."

आणि डोक्यावर पदर घेऊन ओळीत बसली. बिरजूने नळी उचलली, खाली केली, पुन्हा उचलली. शेवटी शिवी गिळून आपल्याच वावरात फवारत गेला.

त्या ओळींतून वेचणीला ओटीभरही कापूस निघाला नाही. मनसारामने बाईच्या ओटीत डोकावून पाहिलं. "पुढच्या सालीबी लावतं काय?"

"लावाच लागते," बाई म्हणाली आणि पुढच्या ओळीत शिरली.