कोणाकडून आलात?

माझ्या भावाने बटणांच्या बाजारावर प्रबंध लिहिला आणि त्यातून आमच्या आईलाच गाळलं. मुद्दाम नाही म्हणे. त्याचाच तर जास्त संताप येतो!

आई तीस वर्षं त्या बाजारात जिन्याखाली टेबल टाकून बसत होती. ना दुकान, ना पाटी. टेबलावर पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येकावर नमुन्याची बटणं शिवलेली. कपडे शिवणारा कोणी नवा माणूस आला की ती त्याचं कापड चिमटीत धरून बघायची आणि त्याला बरोबर त्याच्या कामाची बटणं बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानात घेऊन जायची. तिथे एकच प्रश्न व्हायचा, "कोणाकडून आलात?" आईचं नाव सांगितलं की बसायला स्टूल मिळायचं. पण नाव घ्यायचं ते एकदाच. पुन्हा घेतलं तर कारागिराला वाटतं, याचा अजून आपल्यावर भरवसा नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि दादा तर त्याच टेबलापाशी पाढे पाठ करत वाढला.

पुढे तो अर्थशास्त्राचा अभ्यासक झाला. व्यापार कुणाच्या ओळखीवर चालतो, हे त्याला शोधायचं होतं. पहिले तीन दिवस तो कोणाचंही नाव न सांगता फिरला आणि दुकानदारांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. मग आई गुडघे दुखत असताना साठ दुकानं त्याच्याबरोबर फिरली. "माझा मुलगा आहे. विचारेल ते सांगा." त्याने विचारलं, "माल कोणाकडून घेता?" लोकांनी रीतीप्रमाणे कारागिरांचीच नावं सांगितली; आईचं नाव पुन्हा कोण घेणार?

त्यातून त्याने नकाशा काढला. दुकानांचे ठिपके, ठिपक्यांमध्ये रेघा. त्याने तो जेवणाच्या टेबलावर पसरला. आई चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली.

"यात जिना कुठेय रे?"

"आई, हा ओळखींचा नकाशा आहे. यात जिना कशाला असेल?"

ती हसली आणि भांडी घासायला उठली. मला तेव्हाच काहीतरी फेकून मारावंसं वाटलं होतं.

बाजार नव्या इमारतीत जायचा होता. जागावाटप करणाऱ्या समितीला तो नकाशा आयताच सापडला. ज्याच्या रेघा जास्त, त्याला पुढची जागा. ज्याची एकही रेघ नाही, त्याला काहीच नाही. आईचा तर ठिपकाही नव्हता.

"जाऊन सांग त्यांना," मी दादाला म्हटलं.

"एकाही उत्तरात तिचं नाव नाही गं. मी मनाने कसं घालू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तुला आत कोणी घेतलं? तुझ्या पदवीने?"

तो चष्मा सारखा करत बसला. समितीची यादी लागली, त्या दुपारी आईने कार्डं पिशवीत भरली आणि ती घरी आली. टेबल कोणी उचललं, तेही तिने विचारलं नाही.

दोन महिन्यांनी दादा पुन्हा हजर. आता त्याला शेजारच्या, कपड्यांना लावायच्या चेनच्या बाजाराचा अभ्यास करायचा होता. "आई, तिथे तुझ्या ओळखी आहेत ना? जरा शब्द टाक." कोडगेपणाची हद्द झाली! मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवणार होते, पण आईने चपला घातल्या. मीही निघाले, रागारागाने.

पहिल्याच दुकानात म्हाताऱ्या मालकाने आईला ओळखून मान हलवली. आई काउंटरवरची एक चेन उघडून बघत राहिली.

मालकाने दादाला विचारलं, "कोणाकडून आलात?"

दादाने आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. त्याने वही उघडली आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"आईकडून," तो शेवटी पुटपुटला.

मालकाने स्टूल पुढे सरकवलं. दादा बसायला गेला, तशी आईने चेन खाली ठेवली.

"आधी लिही ते," ती म्हणाली. "मग बस."