जिन्यातला हिरवा ठिपका

पुंडलिकनगरच्या घरात वडील खाली झोपायचे आणि मी वरच्या खोलीत काम करायचो. त्यांच्या उशाशी मी एक बटण बसवलं होतं. ते दाबलं की घरातल्याच विजेच्या तारांतून सिग्नल यायचा आणि माझ्या टेबलावरचा दिवा लागायचा. वर येईपर्यंत सिग्नल क्षीण व्हायचा, म्हणून त्याला जोर द्यायला जिन्याच्या पायथ्याशी, प्लगमध्ये रिपीटर लावला होता.

तरी दुपारी दिवा लागायचा नाही. संध्याकाळी तपासावं, तर सगळं ठीक. मी फ्रिजवर संशय घेतला, इन्व्हर्टरवर घेतला, रिपीटर बदलून आणला, दुकानदाराशी भांडलो. शेवटी एका रविवारी वैतागून जेवणानंतर जिन्यातच ठाण मांडून बसलो.

वडील भिंतीला धरत आले आणि आडवं होण्याआधी त्यांनी रिपीटरच्या प्लगचं बटण बंद केलं.

"अण्णा, हे का बंद करता?"

"झोपल्यावर उगं कशाला जळू द्यायचं? उठलो की चालू करतो ना."

"अहो, मग तुमची हाक मला कळणार कशी?"

"नाय कळली तर नाय. तू कामात असतोस."

मी चिडून त्या बटणावर चिकटपट्टी लावली. ती वडील रोज काढायचे.

आता वडील नाहीत. रिपीटरचा हिरवा ठिपका दिवसरात्र जळतो. परवा जिना उतरताना माझा हात आपसूक त्या बटणाकडे गेला. 'उगं कशाला,' असं तोंडातून निघालंही. पण बंद करवलं नाही.