मुसाफिरखान्याचा कठडा

सुतारकाकांचं दुकान म्हणजे जुन्या मुसाफिरखान्याचा तबेला. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत. काका त्यांवर करवती टांगतात. मुसाफिर जाऊन जमाना झाला. वरच्या खोल्यांत आता शिंपी, घड्याळजी आणि एका बाईंची शिकवणी आहे. काका चाळीस वर्षं खालीच, संसार तबेल्यामागच्या दोन खोल्यांत. हात सोन्याचा आणि तोंड कुरकुरं. "एवढं केलं, कुणी बरं म्हटलं?" हे रोजचं. खरंच कुणी म्हटलं नव्हतं.

इमारत पाडायचं घाटत होतं. जुनी ठरली तरच वाचणार होती, म्हणून पाहणीला एक साहेब आले. गाडी वळेल एवढा दरवाजा, मधला फरसबंद चौक, चारी बाजूंनी फिरलेला सज्जा, सगळं पाहून त्यांनी नाक मुरडलं. भिंतींना नवा गिलावा, छपराला पत्रे. जुनं उरलंय काय, असं त्यांनीच विचारलं.

मग ते सज्ज्याच्या कठड्यापाशी थांबले. एक खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून लाकडाचीच मेख मारलेली.

"दीडशे वर्षं तरी झाली असतील," साहेब खुलले. "आजच्या सुताराला हे जन्मात जमायचं नाही. याच्यावरच इमारत वाचेल बघा."

काकू काकांकडे बघायला लागल्या. मूळ कठडा वाळवीनं खाल्ला, तेव्हा उरलेल्या एका तुकड्यावरून काकांनीच हा आठ महिने खपून केला होता. त्याला तीस वर्षं झाली.

काकांना राहवलं नाही. "तो मी केलाय."

"काका, थट्टा पुरे," साहेब हसले.

हे मात्र लागलं. तिसऱ्या मेखेच्या आत, सांध्यात, काकांनी लेकीच्या जन्माचं साल पटाशीनं कोरलं होतं. मेख काढली की पुरावा हजर. ते तरातरा खाली जाऊन लाकडी हातोडा, मोगरी, घेऊन आले.

"अहो, नका ना," काकू जिन्यातच म्हणाल्या. "जायचं कुठं आपण?"

शिंपी आणि घड्याळजी दारात उभे होते. काकांनी मेखेवरून अंगठा फिरवला आणि मोगरीच्या एका ठोक्यात मेख आणखी आत बसवली.

"सैल झाली होती," ते साहेबांना म्हणाले. "जुनं काम आहे."